एक काना

एसटीच्या कंडक्टरची सगळी भाषा हुकमाची. चढा, सरका, धरा, बसा, द्या, घ्या, उतरा. विनंतीला वेळ नसतो. पुढचा थांबा यायच्या आत चाळीस तिकिटं फाडायची असतात आणि त्यातली पंधरा माणसं दारातच उभी असतात. तेहतीस वर्षं मी असे हुकूम सोडत आलो. माणसांशी दिवसभर बोलायचं, पण बोलायचं ते आज्ञार्थातच, असं हे काम.

१९९२ साली नोकरीला लागलो तेव्हा सुरुवातीचे काही दिवस मला एका जुन्या कंडक्टरांच्या हाताखाली दिलं होतं. निवृत्तीला आलेले गृहस्थ होते, खाकी सदऱ्याची कॉलर उलटी करून पुन्हा शिवलेली. वे-बिल कसं भरायचं, सिंगल बेल कधी, डबल बेल कधी, हे कागदावरचं सगळं प्रशिक्षणात झालेलंच होतं. त्यांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या. पहिली म्हणजे ट्रेमधून तिकीट सोडवताना बोटाला थुंकी लावायची नाही. "बाईच्या कडेवर पोर असतं, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं दांडी धरलेली. मग तिकीट कुठं धरणार ती? दातात. तुझी थुंकी तिच्या तोंडात कशाला?" ट्रेच्या कोपऱ्यात ओल्या स्पंजचा तुकडा ठेवायचा, असं त्यांचं शास्त्र होतं. तिकिटाचं मशीन येईपर्यंत तो तुकडा माझ्या ट्रेमध्ये होता.

दुसरी गोष्ट त्यांनी सुप्याच्या पुढं कुठंतरी, गाडी खच्चून भरलेली असताना सांगितली. मी ओरडत होतो, "ए, सरक की पुढं!" त्यांनी माझा खांदा दाबला आणि कानाशी म्हणाले, "काना खाऊ नको."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावलं. सरक आणि सरका यात लिहायला फक्त एक काना जास्त. बस-बसा, उतर-उतरा, थांब-थांबा, सगळीकडं तोच. घे-घ्या, दे-द्या यात थोडी मोडतोड होते, पण शेवटी काना येतोच. घाई झाली की कंडक्टर पहिल्यांदा तो काना खातो. "पैसे खाल्लेस तर चेकर धरील. काना खाल्लास तर कोणी धरत नाही. म्हणून सवय लागते."

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. पण आदर, सन्मान, प्रतिष्ठा असले मोठे शब्द कुठं ऐकले की मला तो काना आठवतो.

माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. आमच्या पिढीतल्या अर्ध्या गावाची तीच आहे. गुरुजींनी पोरं शाळेत घातली त्या दिवशी सोयीची तारीख टाकली आणि आम्ही सगळे एका दिवशी जन्मलो. योगायोग असा की एसटीचाही वाढदिवस तोच. १ जून १९४८ ला राज्यातली पहिली एसटी धावली ती आमच्याच नगर-पुणे रस्त्यावर. कंडक्टर होते लक्ष्मण केवटे, चालक किसन राऊत. वाटेतल्या गावांनी त्या गाडीची पूजा केली होती, ही आठवण केवटे सांगत. गाडीत बसणं हाच तेव्हा मान होता, आणि गाडीतला खाकी माणूस तर गावाला फौजदाराच्या खालोखाल. त्या मानाचं उरलंसुरलं आमच्यापर्यंत आलं ते 'मास्तर' या हाकेत. खेड्यातला माणूस कंडक्टरला अजून मास्तर म्हणतो. शिकवत आपण काहीच नाही, पण हातात पंच आहे, कानावर पेन आहे, हिशोब तोंडी आहे, मग मास्तरच. माझ्याबरोबरच्या एका महिला कंडक्टरला मात्र लोक 'ओ बाई' म्हणायचे. शेवटी शेवगावकडच्या एका म्हाताऱ्या बाबांनी त्यांना 'मास्तरीणबाई' करून टाकलं, आणि तेच नाव पुढं त्या मार्गावर चाललं.

आता हा काना सगळ्यांना सारखा लागतो का? नाही. इथंच खरी मेख आहे. प्रवासी पायरीवर पाऊल ठेवतो त्या अर्ध्या क्षणात कंडक्टरचं ठरलेलं असतं की याला 'या' म्हणायचं की 'ये'. कडक इस्त्री, पायात बूट, हातात ब्रीफकेस: या साहेब. पांढरं धोतर, टोपी: या आण्णा. मळकं लुगडं, पायात काही नाही, डोक्यावर बोचकं: चल गं, आवर. हे कुणी शिकवलेलं नसतं. मी स्वतःला सुधारलेला समजत होतो, पण माझ्या जिभेनं हे वर्गीकरण माझ्या नकळत केव्हाच करून ठेवलं होतं.

एकेरी बोलणं म्हणजे अपमानच, असंही नाही बरं का. अकोल्याकडच्या, पारनेरकडच्या म्हाताऱ्या मला सर्रास म्हणायच्या, "आरं बाळा, थांब की, मपली पिशवी राहिली." तिथं काना नव्हता, पण बाळा होतं. आणि काना लावून केलेला अपमानही मी पुष्कळ ऐकलाय. "अहो मॅडम, जरा जागेचं भान ठेवा," यात अहो आहे, मॅडम आहे, ठेवा आहे आणि आदर तेवढा औषधालाही नाही. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या सुटतात तेव्हा तर कमालच. सत्तरीचा माणूस मला वाकून माऊली म्हणतो, मी त्याला माऊली म्हणतो, खिडकीसाठी भांडणारेही एकमेकांना माऊली म्हणूनच भांडतात. नेवाशाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो हा जिल्हा, तेव्हा माऊली आमच्या जिभेवर असायचीच. पण द्वादशीला परतीची गाडी टेंभुर्णी ओलांडून नगरकडं निघाली की माऊलीचा हळूहळू 'ओ कंडक्टर' होतो. एकादशीपुरताच होता म्हणून तो मान खोटा असं मी म्हणणार नाही. वर्षातून पंधरा दिवस का होईना, जिभेला वळण लागतं.

माझ्या जिभेचं वळण पहिल्यांदा चुकीचं ठरलं ते जामखेडच्या गाडीत.

१९९३ किंवा ९४ असेल. नगरहून चिचोंडी पाटील, कडा, आष्टी करत जामखेडला जाणारी गाडी. जामखेडच्या अलीकडं एका फाट्यावर एक बाई चढली. चाळिशी ओलांडलेली, काष्टा घातलेला, खांद्याला कापडी पिशवी. मी तिकीट दिलं आणि उरलेले पैसे तिच्या तळहातावर सोडले. सोडले म्हणजे वरून टाकले, वीतभर उंचीवरून. एक रुपयाचं नाणं हातावर आपटून उडालं आणि सीटखाली घरंगळलं. ती वाकली, नाणं शोधलं, उठली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा, पण न चिडलेल्या आवाजात म्हणाली, "मास्तर, मी बाळंतपणं करते. गावातल्या पाटलाच्या सुनेचं पोर पहिल्यांदा ह्याच हातात आलं. तुमचा हात लागला तर लागू द्या. इटाळ व्हत नाही."

मागं कुणीतरी हसलं. माझे कान तापले. मी काही बोललो नाही, पुढं सरकलो. पण त्या फेरीत मी माझ्याच हाताकडं बघत होतो. ज्या थांब्यावरून ती चढली होती, तिथून चढणाऱ्यांना मी सुट्टे वरून टाकत होतो आणि पेठेतून चढणाऱ्यांच्या हातात ठेवत होतो. मुद्दाम नव्हे. मुद्दाम केलं असतं तर निदान ठाऊक तरी असतं. आमच्या घरी ओसरीच्या कोनाड्यात एक वेगळी कपबशी असायची, तिचा कान तुटलेला. ती कुणासाठी आहे हे आम्हा पोरांना कधी कुणी सांगितलं नाही, तरी आम्हाला ठाऊक होतं. ती कपबशी माझ्या हातात आली होती.

ती बाई डॉक्टर आरोळ्यांच्या प्रकल्पाची आरोग्यसेविका होती हे मला चालकानं सांगितलं. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर नवरा-बायकोनं १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांची पद्धत अशी की गावातली आरोग्यसेविका गावानंच निवडायची. त्यात पुष्कळ बायका निरक्षर, पुष्कळ दलित वस्तीतल्या. त्या आठवड्याला जामखेडला शिकायला यायच्या आणि परत जाऊन गावाची बाळंतपणं, लसीकरण, पोरांची वजनं बघायच्या. हातपंप घ्यायची वेळ आली तेव्हा आरोळ्यांनी तो दलित वस्तीत घेण्याचा आग्रह धरला. दुष्काळी मुलूख. पाणी पाहिजे तर गावानं वस्तीत यायचं. भाषण नाही, उपदेश नाही, फक्त हातपंपाची जागा. मला हे फार पुढं समजलं, पण समजलं तेव्हा वाटलं की त्या फाट्यावरच्या बाईनं माझ्याशी हेच केलं होतं. नाणं उचलायला ती स्वतः वाकली, आणि नजर खाली गेली ती माझी.

ती नंतर बऱ्याचदा गाडीत दिसली. मी पैसे हातात ठेवायचो. तिनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

दुसरा प्रसंग मुक्कामी गाडीचा, २०११ सालचा. गावाचं नाव सांगत नाही, कारण ते सांगितलं की थांब्याचं नाव उघडं पडेल, आणि सगळी गोष्ट त्या नावाचीच आहे. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावाला जाऊन तिथंच झोपणारी आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघणारी. चालक-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकतात. गावातून भाकरी येते. अशा गाडीचे प्रवासी ठरलेले असतात, तोंडपाठ.

त्यात एक मुलगी होती. एका कारखान्यात कामाला जायची, वीस-बावीस वर्षांची. रोज शेवटच्या गावाचं तिकीट काढायची आणि सगळ्यांबरोबर शेवटच्या थांब्याला उतरायची. एकदा गाडी लावून मी मिश्री-तंबाखूच्या टपरीकडं निघालो तर ती आल्या रस्त्यानं परत चाललेली, मोबाइलच्या उजेडात. दुसऱ्या दिवशी तेच. मी चालकाला विचारलं, "ही रोज उलटी कुठं जाते?" तो म्हणाला, "तिचं घर मागंय ना." आणि त्यानं अलीकडच्या थांब्याचं नाव घेतलं. दीड किलोमीटर मागं. त्या थांब्याचं नाव म्हणजे एका जातीचं नाव आणि त्यापुढं वाडा.

मी रोज संध्याकाळी ते नाव भरल्या गाडीत ओरडत होतो. "—वाडा कोण आहे? —वाडा, चला, उतरा." काना चोख. आणि ती मुलगी त्या हाकेला उठायचं टाळण्यासाठी पुढच्या टप्प्याचं भाडं देत होती. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा असतो. तिचं घर एका टप्प्याच्या शेवटाला होतं आणि गाव पुढच्या टप्प्यात. म्हणजे रोजचे जास्तीचे पैसे आणि दीड किलोमीटर पायपीट, पावसातसुद्धा. कशासाठी, तर चाळीस माणसांसमोर आपली जात उभी राहू नये म्हणून.

त्या थांब्याशेजारी जिल्हा परिषदेची शाळा होती, चार खोल्यांची. पुढच्या दिवशी मी हाक दिली, "शाळा! शाळा कोण आहे?" कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन म्हातारे एकमेकांकडं बघत राहिले, मग उतरले. ती बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही बसून राहिली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिकीट काढताना तिनं पहिल्यांदा अलीकडचं भाडं पुढं केलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "शाळा." बस, एवढंच. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही आणि मीही पाहिलं नाही. महिनाभरात गाडीतले सगळेच शाळा म्हणू लागले. एका शहाण्यानं मात्र मला विचारलं, "काय ओ मास्तर, खरं नाव घ्यायला लाज वाटती का?" मी म्हणालो, "हो."

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली गेली. त्या वस्तीलाही नवं नाव मिळालं, कमानीवर निळ्या रंगात लिहिलं गेलं. चांगलं झालं. पण त्या मार्गावरचे जुने प्रवासी अजून शाळाच म्हणतात, असं ऐकतो.

नावावरून आठवलं. आमच्या जिल्ह्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं निघतात. बहुतेक ट्रक-ट्रॅक्टरनं जातात, पण काही टोळ्या एसटीनंही जायच्या. माझ्या पहिल्याच हंगामात एक मुकादम दारात आला आणि म्हणाला, "आठ कोयते आहेत. तिकिटं फाडा." मी आठ तिकिटं फाडली. चढली सोळा माणसं, शिवाय पोरं. मी भांडायला उठलो. मुकादम हसून म्हणाला, "मास्तर नवीन दिसताय. कोयता म्हणजे जोडी. नवरा-बायको मिळून एक कोयता."

एकटा माणूस असला तर त्याला म्हणतात अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते, हिशोब कोयत्यावर होतो, कारखान्याकडची मागणीही 'इतके कोयते हवेत' अशीच असते. बाईचं नाव त्या हिशोबात बऱ्याचदा कुठंच नसतं, ती नवऱ्याच्या कोयत्यात मोडते. ट्रेच्या जागी मशीन आलं तेव्हा मला एका गोष्टीचं बरं वाटलं. मशीनमध्ये कोयता नावाचा प्रकार नाही. मशीन विचारतं पूर्ण किती, अर्धी किती. मुकादमाला बोटांवर माणसं मोजावी लागायची.

मी आजवर हे सगळं लोकांना झालेलं म्हणून सांगत आलो. मला झालं ते संपात.

२०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला, महामंडळाच्या राज्य सरकारात विलीनीकरणाच्या मागणीसाठी, आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. साडेपाच महिने. संपाच्या बऱ्या-वाईटाबद्दल इथं लिहीत नाही, त्यावर आमच्यातच दोन मतं आहेत. पगार बंद होता एवढं खरं. जानेवारीत मी एका कांदा व्यापाऱ्याच्या शेडमध्ये निवडायच्या कामाला गेलो. अंगावर खाकी नाही, खिशावर बिल्ला नाही, डोक्याला मफलर. पहिल्याच सकाळी गोणी उचलणारा एक पोरगा, माझ्या मुलाच्या वयाचा, मागून ओरडला, "ए, सरक!"

मी सरकलो. मग पायातलं बळ गेल्यासारखा गोणीवर बसलो. तीस वर्षांत मला कुणी असं 'सरक' म्हटलं नव्हतं. त्या पोराचा राग मात्र आला नाही, कारण तो नेमका माझ्याच आवाजात बोलला होता. पाठीवर पन्नास किलोची गोणी असलेल्या माणसाला काना परवडत नाही. आणि ते म्हणणाऱ्याला आठवतही नाही. संध्याकाळी तोच पोरगा मला तंबाखू विचारत होता.

शेडमध्ये निवडायला दहा-बारा बायका होत्या. त्यातली एक थोडा वेळ माझ्याकडं बघत होती. मग म्हणाली, "तुमी आमच्या गाडीचे मास्तर ना?" मी मान हलवली. मला ती आठवत नव्हती. हजारो माणसं बघितलेली, त्यात ही कुठली. मी तिला कधी 'चल गं, आवर' म्हटलं असेल का, हेही आठवेना, आणि म्हटलं नसेल असं छातीवर हात ठेवून सांगता येईना. तिनं गोणपाट झटकून सावलीत टाकलं आणि म्हणाली, "मास्तर, हिकडं बसा. तिथं ऊन येतंय." पुढचे तीन महिने ती मला मास्तरच म्हणाली. तिचं ऐकून बाकीच्या बायका म्हणू लागल्या, मग गोणीवाला पोरगा, शेवटी व्यापारीसुद्धा. कांद्याच्या शेडमध्ये, बिनतिकिटाचा, बिनगाडीचा मास्तर.

संप मिटला, मी गाडीवर गेलो. पुढच्या वर्षी, १७ मार्च २०२३ पासून, एसटीत सगळ्या बायकांना निम्मं भाडं झालं. योजनेचं नाव महिला सन्मान योजना. आणि त्या सन्मानाच्या पहिल्या आठवड्यात मी काय केलं, तर मशीनवर लवकर उरकावं म्हणून गाडीत ओरडलो, "हाफवाल्या कोण कोण? हाफवाल्यांनी हात वर करा!" शाळेतल्या पोरींसारखे पन्नाशीच्या बायकांचे हात वर झाले. रात्री घरी हा किस्सा मी हसत हसत सांगितला. बायको पोळ्या लाटत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "मग मीपण हाफवाली का?"

आमच्या घरात ती मला अहो म्हणते आणि मी तिला अगं. माझा काना घराच्या उंबऱ्याबाहेरच राहिला. एकदा मी गमतीत तिला 'अहो, जरा पाणी द्या' म्हटलं, तर तिनं कपाळाला हात लावून ताप बघितला.

त्याच दिवसांत एका भरल्या गाडीत एक गृहस्थ एका बाईला म्हणाले, "उठा, आम्ही पूर्ण तिकीट काढलंय." ती होती शेडमधलीच, मास्तर म्हणणारी. तिनं त्यांना उत्तर दिलं नाही, मला विचारलं, "मास्तर, अर्ध्या तिकिटाला सीटपण अर्धी आसती का?" गाडी हसली. मी त्या गृहस्थांना सांगितलं की उरलेले अर्धे पैसे सरकार महामंडळाला भरून देतं, तेव्हा तिकीट पूर्णच आहे, फक्त ते दोघांनी मिळून काढलंय. ते पटलं की नाही ठाऊक नाही, पण गप्प झाले. मला मात्र तेव्हा कोयते आठवत होते.

याच्या थोडं आधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला होता. मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट निघतं. श्रीगोंद्याकडचे एक बाबा मात्र दर वेळी दहाची नोट पुढं करायचे. आधार कार्ड दाखवायचे, वय अठ्ठ्याहत्तर, तरी नोट पुढं. मी म्हणायचो, बाबा, लागत नाही. ते म्हणायचे, "घ्या हो. फुकट बसलेल्याला कुणीबी उठवतं." मी दर वेळी शून्याचं तिकीट फाडून त्यांच्या हातात द्यायचो आणि मोठ्यानं सांगायचो, "हे तिकीट. ही सीट तुमची." आणि ते ते तिकीट धोतराच्या कनवटीला लावून ताठ बसायचे. ती दहाची नोट घेतली असती तर नियम मोडला असता. नाही घेतली याची चुटपुट मात्र अजून आहे.

३१ मे २०२५ ला मी निवृत्त झालो. नारळ, शाल, फोटो. शालीचं काय करायचं हा प्रश्न सगळ्या निवृत्तांना पडतो. आमच्याकडं ती पाहुण्यांसाठी ठेवलीय.

परवा बायकोबरोबर माळीवाड्यावरून गाडी धरली. पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं असतं आता, पण खाली उभा माणूस अजून 'नगर का?' असंच विचारतो. कंडक्टर पंचविशीतला होता, गळ्यात नवं मशीन, मोबाइलनं पैसे घेणारं. सुट्ट्यांची भांडणं त्या मशीननं मिटवलीत, हे मान्य केलं पाहिजे. गाडी भरली होती. मी सवयीनं दाराशीच उभा राहिलो, जिथं तेहतीस वर्षं उभा होतो. तो गर्दीतून वाट काढत आला आणि माझ्या मागं थांबला. घाईत होता, घामाघूम होता, पुढचा थांबा दोन मिनिटांवर होता.

म्हणाला, "काका, सरका."

मी सरकलो. तुम्हीही गाडीत चढलात तर दाराशी थांबू नका. आणि कंडक्टर 'सरका' म्हणाला, तर कृपा करून सरका.